बाभळीचं चाक

आपल्या पणजोबांच्याही पणजोबांच्या आधी, डोंगरापल्याडच्या एका राज्यात एक तरुण राजा गादीवर बसला. वडील जाऊन थोडेच महिने झाले होते. त्यांची आठवण आली की तो रथशाळेत जाई आणि त्यांच्या जुन्या रथाला टेकून उभा राही.

रथाचा रंग उडाला होता, सांधे खिळखिळे झाले होते. राजानं म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. "काका, बाबांचा रथ पूर्वी होता तसा करून द्या. एकही तुकडा परका नको."

सुतारानं रथ निरखला. "सगळं मूळचं शिसवी लाकूड आहे, महाराज. हे डावं चाक तेवढं बाभळीचं. ओबडधोबड आहे. मागाहून कुणीतरी बसवलेलं दिसतं."

"मग ते फोडून चुलीत घाला. मूळचं मी शोधून आणतो."

दवंडी पिटली गेली. नदीकाठच्या कुंभारवाडीतून निरोप आला की तिथल्या एका बैलगाडीला नक्षीदार शिसवी चाक आहे. राजा स्वतः घोड्यावरून गेला.

गाडी एका म्हाताऱ्या कुंभारणीची होती. तिची लेक बाजाराला न्यायची मडकी गाडीत रचत होती. राजानं चाक लगेच ओळखलं. "आजी, हे आमच्या रथाचं. तुमच्याकडे कसं आलं?"

म्हातारीनं त्याला ओट्यावर बसवलं, प्यायला पाणी दिलं. मग म्हणाली, "महाराज, ही लेक पोटात होती. कळा सुरू झाल्या आणि मूल अडलं. सुईण पलीकडच्या गावात. धनी मला गाडीत घालून निघाले, तर ऐन माळावर चाक मोडलं. तेवढ्यात थोरले महाराज तिथून चालले होते. त्यांनी रथाचं चाक काढून आमच्या गाडीला बसवलं, आणि आपण पायी घरी गेले."

राजानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि तो म्हातारीकडे सरकून बसला.

"पुढं धन्यांनी स्वतःच्या हातानं बाभळीचं चाक घडवलं. ते काही सुतार नव्हते, जमेल तसं केलं. ते आमच्या गाडीला लावून तुमचं परत करायचं होतं. पण थोरले महाराज म्हणाले, 'माझं असू दे तुझ्या लेकीला. तू घडवलंस ते मला दे.' आता तुम्हाला हवं असेल तर घेऊन जा." आणि तिनं लेकीला हाक मारली, "बाई, मडकी उतरव."

"नको, आजी. राहू द्या," राजा म्हणाला. तेवढ्यात त्याला आपलाच हुकूम आठवला. त्यानं घोडा फेकत राजधानी गाठली.

सुताराच्या हातात कुऱ्हाड होती. चाकाचे दोन आरे तुटून पडले होते. राजानं त्याचा हात धरला, तिथंच भुशात बसला आणि सगळी हकिगत सांगितली.

सुतारानं डोळे पुसले. "दोन आरे नवे घालावे लागतील, महाराज."

"घाला. बाभळीचेच घाला."

"वरून शिसवीचा रंग देऊ?"

"नको, काका. आहे तसं दिसू दे."

रथ पुन्हा रस्त्यावर आला. डावीकडून तो जरासा हेलकावे खाई. राजा मुद्दाम डावीकडेच बसे, आणि दर हेलकाव्याला त्याला माळावरून पायी निघालेले बाबा दिसत.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: मायेनं लावलेलं ठिगळ मूळ वस्त्राइतकंच अस्सल असतं.