मागचे दार

एकदा एका नदीकाठच्या गावात आठ कुटुंबांनी मिळून एक वसाहत उभारायचे ठरवले. बहुतेकांची वये साठीच्या पुढची, मुले दूरदेशी. प्रत्येकाचे घर स्वतंत्र असावे, परंतु स्वयंपाकघर, बाग आणि ओसरी सर्वांची एक असावी, दुखण्याखुपण्यात एकमेकांचा आधार व्हावा, एवढीच त्यांची इच्छा. हे काम त्यांनी निरंजनकडे सोपवले. निरंजन एका वृद्ध स्थपतींचा शिष्य होता.

त्याने या कामात जीव ओतला. मधोमध प्रशस्त ओसरी, तिच्याभोवती आठ घरे, आणि प्रत्येक घराला एकच दार, तेही ओसरीत उघडणारे. "बाहेर पडायचे म्हटले की चार माणसे भेटलीच पाहिजेत," असे तो अभिमानाने सांगे.

पहिले काही महिने आनंदात गेले. मग हळूहळू ओसरी ओस पडू लागली. लोक ताटे वाढून आपापल्या घरी नेऊ लागले. दिवसाढवळ्याही दारे बंद राहू लागली. आणि एके सकाळी कुमुदिनीबाईंनी सांगून टाकले की, आपण भाच्याकडे राहायला जाणार. या बाई निवृत्त परिचारिका होत्या. वसाहतीत कोणाला ताप आला तरी उशाशी त्याच बसत. त्या निघाल्या म्हणताच आणखी दोन घरांत तशीच भाषा सुरू झाली.

निरंजन गुरूंकडे धावला. "गुरुजी, वसाहत मोडते आहे. तुम्ही येऊन त्यांना ऐक्याचे महत्त्व समजावून सांगा."

गुरुजी आले, पण त्यांनी उपदेश केला नाही. ते थेट कुमुदिनीबाईंच्या घरी जाऊन बसले आणि विचारले, "बाई, इथली माणसे वाईट आहेत का?"

"छे हो! वाईट असती तर सोपे होते." बाईंनी पदराने डोळे टिपले. "मागच्या महिन्यात ह्यांना जाऊन वर्ष झाले. त्या दिवशी नदीवर एकटीने जाऊन बसावे, असे फार मनात होते. दार उघडले, तर ओसरीत सगळे. कोणी विचारले, डोळे का सुजलेत. कोणी चहा दिला. शरयूताईंनी तर माझे मन रमावे म्हणून भजन सुरू केले. सगळे मायेनेच, पण नदीवर जाणे राहिले ते राहिलेच. मला इथे निवांत रडायलासुद्धा जागा नाही."

गुरुजींनी बाहेर येऊन निरंजनला सांगितले, "गवंडी बोलाव. प्रत्येक घराची मागची भिंत फोडून बाहेरच्या बाजूला, नदीकडे जाता येईल असे एक दार काढ. त्याला आतून कडी बसव."

निरंजन थक्क झाला. "गुरुजी, आधीच माणसे एकमेकांना टाळताहेत. त्यांना आणखी एक वाट दिली, तर ओसरीकडे कोण फिरकेल?"

"दारे तर होऊ देत," गुरुजी म्हणाले. कुमुदिनीबाईंनाही त्यांनी काम संपेपर्यंत थांबण्याची विनंती केली.

दारे झाली. पहिले तीन दिवस ओसरीत खरोखरच कोणी आले नाही. निरंजनला अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी सकाळी कुमुदिनीबाई मागच्या दाराने नदीवर गेल्या. दुपार टळल्यावर परतल्या. कोणी पाहिले नाही, कोणी विचारले नाही.

संध्याकाळी शरयूताई सामायिक स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. समोर कोणी येऊन बसले म्हणून त्यांनी मान वर केली. कुमुदिनीबाईंनी जुडीतली अर्धी मेथी आपल्याकडे ओढली होती.

"चहा ठेवू?" शरयूताईंनी जरा बिचकतच विचारले.

"ठेव. आणि बस इथे. आज तुला ह्यांच्याबद्दल सांगायचे आहे."

बाई सांगत राहिल्या. मध्येच रडल्या, मध्येच एका आठवणीने खळखळून हसल्या. ते हसणे ऐकून शेजारचे आले, त्यांच्यामागून आणखी कोणी आले. भाच्याला, येत नाही म्हणून निरोप गेला. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी एका पंगतीला सोळा पाने मांडली गेली.

निरंजनच्या छातीवरचे ओझे उतरले. तो गुरूंजवळ जाऊन म्हणाला, "गुरुजी, माणसांनी एकत्र यावे म्हणून मी सगळे केले, तर ती दुरावली. तुम्ही दूर जायची वाट दिलीत, तर ती आली. हे कसे?"

गुरुजी म्हणाले, "बाळ, तुझ्या ओसरीत माणसे अडवली जात होती, आणि आपण त्याला भेट म्हणत होतो. मनुष्याचे मन कधी भरून येते, कधी रिते होते. त्या वेळी त्याला क्षणभर सर्वांच्या नजरेआड होता आले पाहिजे. तेवढी मोकळीक मिळाली की तो स्वतःहून परत येतो, आणि स्वतःहून आलेला माणूस मन उघडून बसतो. बाईंचे दुःख विचारून कोणाला कळले नाही. आज त्यांनी आपणहून सांगितले."

पंगतीत एक जागा रिकामी होती. तिथे जाऊन निरंजन बसला आणि पोटभर जेवला.

आपल्या माणसांत राहताना, "आज मला एकटे राहू द्या," हे ज्याला निर्धास्तपणे म्हणता येते, त्याला ते घर सोडावेसे वाटत नाही.