सुरंगीवाडीतली झाकलेली विहीर

मुंबईतल्या सुरंगीवाडीची चाळ पाडायचं ठरलं. नवी इमारत होईपर्यंत चाळीतल्या बावीस कुटुंबांनी मागच्या अंगणात पत्र्याच्या दुमजली खोल्यांत राहायचं, असं बिल्डर मोकाशीसाहेबांनी सभेत जाहीर केलं.

ऐंशी वर्षांच्या द्वारकाबाई सापळे उठल्या. "साहेब, त्या अंगणाखाली विहीर आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी तिचं पाणी भरलंय. पुढे फळ्या टाकून वर फरशी घातली, पण विहीर काही बुजवली नाही."

"आजी, मी सगळे जुने नकाशे तपासलेत," मोकाशी हसून म्हणाले. "इथे विहीर कधीच नव्हती. वयामुळे होतं असं."

सगळे हसले. द्वारकाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी अंगणात जाऊन फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढलं, वेळ पडली तर अडवता यावं म्हणून त्याच्या अलीकडेच उभ्या राहिल्या आणि साहेबांच्या ड्रायव्हरला हाक मारली, "बाबा, गाडी उन्हात तापतेय. आत आण, या वर्तुळात लाव."

गाडी फाटकातून आत वळली मात्र, मागोमाग अंगणात आलेले मोकाशी किंचाळले, "थांब! तिथे नको! मागे घे!"

गाडी थांबली. सगळ्यांच्या नजरा मोकाशींकडे वळल्या. साहेबांना सगळं ठाऊक होतं!

"गाडीला जपलंत, साहेब," द्वारकाबाई म्हणाल्या. "आमची तर लेकरं निजणार होती इथे."

दुसऱ्या दिवशी वाडीने फरशी उखडली. कुजलेल्या फळ्यांखाली तीस हात खोल काळंभोर पाणी दिसलं.