रेव्हरंड उजगरे मार्ग

"म्हणजे तुम्ही येणारच नाही?"

पाळकसाहेब धोतराच्या टोकाने चष्मा पुसत राहिले.

नगरसेवक जयवंत कर्डकने घड्याळ पाहिलं. पाच वाजता महापौर येणार होते. कोपऱ्यावर मांडव पडला होता, नव्या पाटीवर पडदा चढला होता. चाळीस वर्षं या शहरात चर्चचा पाळक म्हणून राबलेल्या म्हाताऱ्याचं नाव रस्त्याला लागत होतं. ठराव जयवंतचाच. लहानपणी तो याच म्हाताऱ्यासमोर मांडी घालून बायबल वाचायला शिकला होता.

"ठरावाला किती वेळ लागला?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"एकच बैठक! एकानेही विरोध केला नाही. आपल्या समाजाचं नाव पहिल्यांदा लागतंय, पाळकसाहेब."

"आणि माझा अर्ज?"



अर्ज दोन ओळींचा होता. याच रस्त्यावरच्या शाळेच्या फाटकासमोर गतिरोधक घाला. नऊ वर्षं, दरवर्षी शाळा उघडायच्या आधी, पाळकसाहेब तो हाताने लिहून महापालिकेत नेऊन देत. त्या नऊ वर्षांत फाटकासमोर चार मुलं गाड्यांखाली गेली. शेवटची रूथ, दुसरीतली. गेल्याच महिन्यात.

"फाइल वाहतूक शाखेकडे आहे. अवजड वाहनांचा रस्ता, त्यामुळे नियमात बसत नाही म्हणतात."

"नाव बसलं?"

"नावाला कसला आलाय नियम!" जयवंत हसला. मग त्याचं त्यालाच ते हसू नकोसं झालं.

पाळकसाहेब उठले. "चल. ती खुर्ची घे."

म्हातारा तयार झाला! जयवंतने वेताची खुर्ची उचलली. "मांडवात सोफा ठेवलाय हो तुमच्यासाठी."

"हीच घे."

शाळेच्या फाटकाशी ते थांबले. "इथे ठेव."

"कडेला?"

"मधोमध."

जयवंत जागचा हलेना. पाळकसाहेबांनी त्याच्या हातातून खुर्ची ओढून घेतली, रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि बसले.

वाळूचा डंपर करकचून ब्रेक लावत चार हातांवर थांबला.

"ए म्हातारबा! घरी सांगून आलास का?" ड्रायव्हर ओरडला.

मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. तेवढ्यात शाळेची घंटा झाली. पोरं दप्तरं हलवत, गप्पा मारत, डंपरच्या पुढून रस्ता ओलांडून गेली. एकही पळालं नाही.

"उठा, पाळकसाहेब. महापौरांची गाडी अडकलीय मागे. तुमचाच कार्यक्रम आहे... लोक मला काय म्हणतील?"

पाळकसाहेब पोरांकडे पाहत होते.

शेवटी पोलीस आला. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने जयवंत. दोघांनी म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचललं आणि कडेला ठेवलं. त्याचं वजनच उरलं नव्हतं.

डंपर धूळ उडवत निघून गेला. त्यामागे दुसरा. तिसरा.

कोपऱ्यावर पडदा सरकला. टाळ्या झाल्या. रेव्हरंड मनोहर उजगरे मार्ग. अक्षरं इथूनही वाचता येत होती.

"माझं एकट्याचंच?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"काय?"

"नाव. रूथचं नाही? शमुवेलचं, सायराचं, आपल्या गणूचं?"

जयवंतने पाटीकडे पाहिलं. चौघांच्याही मातीला तो गेला होता. चौघांच्याही घरी हार घेऊन गेला होता.

"घालतो, पाळकसाहेब," तो म्हणाला. "पाटीवर खाली जागा आहे. उद्याच पेंटरला सांगतो. चारही नावं घालतो."

पाळकसाहेबांनी फाटकासमोरून जाणाऱ्या पुढच्या डंपरकडे पाहिलं.

"घाल," ते म्हणाले. "आणि खाली एक ओळ मोकळी ठेव."