मास्तरांची गिटार

"पण मास्तर, देऊ की नको, तेवढं सांगा ना."

हर्षलनं पुन्हा तेच विचारलं. मास्तर चहा गाळत होते. त्यांनी सावकाश गाळला, कप त्याच्यापुढं सरकवला आणि पदराला पुसावेत तसे हात लुंगीला पुसले.

"घेणारा कुठाय?"

"बाहेर. चिंचेखाली गाडी लावून बसलाय. त्याला संध्याकाळच्या आत पुण्याला पोचायचंय."

"बसू दे," मास्तर म्हणाले.

शमुवेल मास्तर रणपिसे म्हणजे एके काळी नगरपासून नाशिकपर्यंत कुठल्याही ऑर्केस्ट्रातली गिटार. आता भिंगारच्या पुढं, चर्चच्या मागं एका खोलीत राहतात आणि आम्हाला शिकवतात. पण शिकवतात ते तोंडानं. 'बोट खाली घे, अजून खाली, हां' असं. स्वतः गिटारीला हात लावत नाहीत. आम्ही शिष्यमंडळी त्याला वैराग्य म्हणायचो. नव्या पोरांना सांगताना मी तर आवाजही जरा खाली आणायचो.

हर्षल पठारे हा आमच्यातला सगळ्यात तयार, आणि चढेलही तेवढाच. त्याला कारण होतं. मास्तरांनी आपली स्वतःची गिटार दुसऱ्या कुणाला नाही, त्याला दिली होती. "मास्तरांनी स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातली," हे वाक्य आम्ही इतकं ऐकलं होतं, की त्यानं तोंड उघडलं की पुढचं आम्हीच म्हणून टाकायचो.

आता हा गडी तीच गिटार द्यायला निघाला होता. बदल्यात अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा होता. साधा नाही, व्हॉल्व्हचा. आत काचेच्या नळ्या असतात, जुन्या रेडिओत असायच्या तशा. तापायला वेळ घेतो, पण तापला की आवाज असा भरून देतो की विचारू नका. तसा एक हर्षलकडं होताच. त्याला दुसरा हवा होता.

"दोन दोन अ‍ॅम्प घेऊन वाजवणार काय, टाळ्या?" मी म्हणालो. माझी जीभ काही जागेवर राहत नाही.

घरी नवी गिटार आहे, असं तो भिंतीला म्हणाला. माझ्याकडं बघितलंही नाही.

"आहे त्या अ‍ॅम्पला काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

घुमतो, म्हणाला. ऑर्केस्ट्रावाले त्याला हमिंग म्हणतात. गिटार गप्प असताना अ‍ॅम्पमधून घूंऽऽ असा आवाज येत राहतो, तो. मग त्यानं श्रीरामपूरचं सांगितलं. आमच्या कानावर उडत उडत आलं होतं, त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. कार्यक्रमाची सुरुवात एकट्या गिटारीनं होती. अंधार झाला, उजेडाचा एकच गोल याच्यावर पडला, आणि अ‍ॅम्प घुमायला लागला. सगळा हॉल त्या आवाजानं भरला. हा थांबला. हमिंग थांबेल, मग सुरू करू, म्हणून उभा राहिला. ते थांबेना. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. शेवटी कीबोर्डवाल्यानं सांभाळून घेतलं आणि गाणं पुढं गेलं.

"हात कुठं होते तुझे?" मास्तरांनी विचारलं.

हर्षलला प्रश्न कळला नाही. त्यानं दोन्ही हात जरा वर उचलून दाखवले, कुणी बंदूक रोखल्यावर माणूस उचलतो तसे.

मास्तरांनी त्या हातांकडं बघून घेतलं.

येत्या रविवारी नगरला पुन्हा तसाच कार्यक्रम होता. सुरुवात पुन्हा एकट्या गिटारीनं. ऑर्केस्ट्राच्या मालकानं बजावलं होतं, की या वेळी अडकलास तर गिटार घरी ठेव आणि तूही घरीच राहा. तेव्हापासून हर्षलला झोप लागली की तोच गोल दिसायचा आणि तो दचकून उठायचा. हे सगळं त्यानं आमच्यासमोर सांगितलं, म्हणजे बघा किती घाबरला होता. हात पुढं करून म्हणाला, धरून बघा. मी धरला. ऐन चैत्रातली दुपार, आणि हात नुकता माठातून काढल्यासारखा गार.

माझी जीभ तेवढ्यापुरती गप्प झाली.

"आण तो अ‍ॅम्प आत," मास्तर म्हणाले.

पुण्याचा माणूस शहाणा होता. त्यानं हर्षलबरोबर अ‍ॅम्प उचलून आत आणला, सांभाळून ठेवला आणि पुन्हा गाडीत जाऊन बसला.

बटण दाबलं. मागच्या जाळीतून काचेच्या नळ्या हळूहळू केशरी होताना दिसल्या. अ‍ॅम्प तापेपर्यंत थांबावं लागतं.

मास्तरांनी अ‍ॅम्पची वायर घेतली. तिचं दुसरं टोक मोकळंच होतं, गिटारीला जोडलेलं नव्हतं. त्या टोकाच्या पिनेवर त्यांनी बोट ठेवलं.

घूंऽऽ.

लाइन चालू आहे का बघायला आमच्यात असंच बोट लावतात. पण मास्तरांनी ती पिन हर्षलच्या हातात दिली. त्याचं बोट लागलं, आणि अ‍ॅम्प असा घुमला की कपबशी थरथरली. त्यानं विस्तव धरल्यासारखी पिन टाकली.

"हाही घुमतो," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला.

"तो कुठं घुमतोय..." मास्तर म्हणाले. "गिटार जोड."

हर्षलनं खोक्यातून गिटार काढली. मास्तरांची गिटार. मानेवरचा रंग उडालेला, अंगठ्याच्या जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं. मास्तरांनी ती बघितली आणि खिडकीकडं तोंड केलं.

गिटार जोडली. हर्षलचे हात, सवयीनं, वर.

घूंऽऽ.

"ठेव हात," मास्तर खिडकीकडंच बघत म्हणाले.

त्यानं तारांवर हात ठेवला. आवाज बंद.

"उचल."

घूंऽऽ.

"ठेव."

बंद.

मोकळ्या पिनेला बोट लागलं की कुठलाही अ‍ॅम्प घुमतो, पण गिटारीच्या तारांना माणसाचा हात लागला की हमिंग जातं, हे आमच्यातल्या नवशिक्यालाही ठाऊक असतं. हर्षलला ठाऊक नसेल होय? त्यानंच मला शिकवलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला काय ठाऊक असतं आणि काय नसतं, सांगता येत नाही. श्रीरामपूरला हा बिचारा हमिंग थांबायची वाट बघत उभा होता, आणि हमिंग याच्या हाताची.

मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. आता हा हसेल, अ‍ॅम्प परत देईल, आणि आपण दुसरा चहा मागू.

"काय ऐकू येतंय?" मास्तरांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग वाजव."

हर्षल बसून राहिला. हात तारांवर, खोलीत चिडीचूप. बाहेर चिंचेवर कावळा बोलला तेवढाच. त्याच्या कपाळावरून घाम निघाला आणि भुवईत थांबला. बोटं तारांवर होती, पण एकही हलेना.

"मास्तर..."

"हं."

"ते घुमत होतं तेच बरं होतं. आता जास्त भीती वाटतीय."

मास्तर वळले. त्याच्याकडं नीट बघितलं. मला वाटलं आता रागावतील, पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता. जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं, आणि मला ते आवडलं नाही.

हर्षलनं गिटार मांडीवरून उचलली आणि त्यांच्यापुढं धरली. एकदा तुम्ही हात लावा, म्हणाला. तुम्ही नुसती सुरुवात करून द्या, पुढं मी धरतो. लहान पोरानं बोट मागावं तसं मागत होता, आणि एरवी हा कुणाकडं तार छेडायची साधी पट्टीसुद्धा मागायचा नाही.

तारांना आता कुणाचाच हात लागलेला नव्हता. त्यानं ती नुसती लाकडाला धरली होती. अ‍ॅम्प पुन्हा घुमायला लागला.

मास्तरांनी हात पुढं केला.

आम्ही पुढं सरकलो. इतक्या वर्षांत जे कुणी बघितलं नव्हतं ते दिसणार होतं. मास्तरांची बोटं तारांच्या अगदी वर आली... आणि तिथंच थांबली. थरथरत होती. म्हातारपणाची थरथर मी रोज बघतो, माझ्या वडिलांना आहे. ही ती नव्हती. अ‍ॅम्प घुमत होता, हात तारेपासून वीतभर लांबसुद्धा नव्हता, आणि खाली येत नव्हता.

मास्तरांनी हात मागं घेतला. तळवा लुंगीला पुसला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

हर्षल त्या हाताकडं बघत राहिला. मग त्यानं गिटार जवळ ओढली.

"मास्तर, ही तुम्ही मला का दिलीत?"

उत्तर आम्हाला पाठ होतं. शिष्य तयार झाला म्हणून. वैराग्य आलं म्हणून. हर्षललाही पाठ होतं. एवढ्या भीतीतही विचारताना त्याची मान जरा ताठ झाली.

"घाबरून," मास्तर म्हणाले.

हर्षलची मान खाली आली.

"कोपरगावला," ते म्हणाले, "असाच एकटा उभा होतो मी..." आणि पुढं बोललेच नाहीत. मी खाली बघितलं. वैराग्य, वैराग्य म्हणून गावभर सांगत फिरलो होतो, ते मला तिथं बसल्या बसल्या नकोसं झालं.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी जरा लांब.

हर्षलनं विचारलं, "मग... देऊन टाकल्यावर गेली? भीती?"

मास्तरांनी त्याचा गार झालेला चहा उचलला. कप बशीवर वाजत होता. त्यांनी बशी दोन्ही हातांनी धरली, तरी वाजत राहिला.

"गिटार गेली," ते म्हणाले.