झिजलेले दोन सेंटीमीटर

फार पूर्वी वानरगुरुजी रानातल्या पिल्लांना मोजमाप शिकवत, तेव्हाची ही गोष्ट. वर्गात गलका झाला की ते मीटरपट्टी खडकावर आपटत. आपटून आपटून तिचं टोक झिजलं.

साळिंदराची पोर साळू म्हणाली, "गुरुजी, पट्टी दोन सेंटीमीटर कमी भरते."

"तेवढ्याने काय बिघडतं? खाली बस!" गुरुजींनी पट्टी पुन्हा आपटली.

एके दिवशी साळू पाय घसरून दरीतल्या कपारीवर पडली. खाली नदीला पूर चढत होता. कपार पन्नास मीटर खोल, हे सगळ्यांना पाठ होतं. गुरुजींनी त्याच पट्टीने पन्नास वेळा मोजून वेल तोडला आणि काठावरून खाली सोडला. साळू उड्या मारत राहिली, पण वेलाचं टोक तिच्या हाती लागेना.

"थांब, वर ओढून तुकडा जोडतो!" गुरुजी ओरडले.

गाठ मारता मारता लोंढ्याची गाज जवळ आली. खालून साळूचा आवाज आला, "गुरुजी, पन्नास दुणे शंभर. शंभर सेंटीमीटर म्हणजे एक मीटर ना?"

"बरोबर गं," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी वेल सोडला. या वेळी तो पुरला. धरायला मात्र खाली कोणी नव्हतं.