कॅशियर केलेला माणूस

"हा शब्द आला तरी कुठून, फादर? कुणी काढला?"

फादर बस्त्याव शिडीवर होते. पावसाळ्याआधी शाळेच्या छपराची कौलं चाळायचं काम त्यांनी या वयातही सोडलं नव्हतं. त्यांनी खाली पाहिलं नाही.

"कुठला शब्द?"

"कॅशियर!"

खाली रंगराव भोईटे उभा होता. पूर्वी याच शाळेत तो फादरांकडे इंग्रजी आणि लॅटिन शिकला होता. पुढे घाटावरच्या एका संस्थानाच्या फौजेत लेफ्टनंट झाला. आज त्याच्या अंगात खाकी कोट होता, पण कोटाला एकही बटण नव्हतं. तो त्याने तसाच घातला होता. मुद्दाम.

"शिडी धर," फादर म्हणाले. "आणि ओरडू नकोस. सांग."

रंगरावने शिडी धरली. इतकी घट्ट, की ती हलली.

"मला परेडच्या मैदानात उभं केलं, फादर. माझ्याच पलटणीसमोर. इंग्रज कर्नलने कागद वाचला. कॅशियर्ड! मग त्यांनी बटणं कापली. तलवार गुडघ्यावर घेऊन मोडली. माझ्या हाताखालचे शिपाई बघत होते..."

"मग?"

"एका दोस्ताने गावी तार केली. रंगराव कॅशियर्ड, एवढीच. आमचे पोस्टमास्तर तार घेऊन आईकडे धावले. म्हणाले, बाई, तोंड गोड करा, रंगराव कॅशियर झाले. सरकारी खजिन्यावर नेमणूक!"

फादरांचा हात कौलावर थांबला.

"आईने अख्ख्या गावात पेढे वाटले. मी मोटारीतून उतरलो तर समोर ताशा. गळ्यात हार. पोरंठोरं, म्हातारेकोतारे, सगळे मला कॅशियरसाहेब म्हणत होते!"

"तू काय म्हणालास?"



"...पेढा खाल्ला."

फादर सावकाश शिडी उतरले. हातांची माती झग्याला पुसली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"शब्द दोन आहेत," ते म्हणाले. "दिसायला एक. एकाचं घराणं पेटीचं. लॅटिनमध्ये काप्सा म्हणजे पेटी. इटलीच्या व्यापाऱ्यांनी तिला कास्सा केलं, फ्रेंचांनी केस. पेटीपाशी बसतो तो कॅशियर. पोस्टमास्तरांना तेवढाच ठाऊक."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याचं घराणं मोडण्याचं. क्वासारे, म्हणजे हलवून हलवून मोडून टाकणं. त्यातच कास्सुस मिसळला. कास्सुस म्हणजे पोकळ, रिकामा. फ्रेंच त्याला कासे म्हणाले. डचांच्या मुलखात लढायला गेलेल्या इंग्रज शिपायांनी तो घरी आणला. अंमलदाराला मोडून, पोकळ करून हाकलायचं, म्हणजे कॅशियर करायचं."

"मोडून... पोकळ करून." रंगराव हसला. ते हसू ऐकवत नव्हतं. "बरोबर केलंय मग. शब्दाला धरून केलंय! आणि साधं बडतर्फ म्हणायला काय झालं होतं यांना? निदान आईला कळलं असतं. माझी फजिती मराठीत तरी झाली असती!"

"कशासाठी मोडलं?"

"सांगितलं ना. तलवार..."

"तू आल्यापासून मी ऐकतोय, रंगा. त्यांनी कापलं. त्यांनी मोडलं. त्यांनी वाचलं. आईने वाटलं. कर्ता कोण आहे तुझ्या वाक्यांत?"

रंगराव त्यांच्या शेजारी पायरीवर बसला.

"तू कर्ता आहेस असं एक वाक्य सांग."

कौलांवर कावळा येऊन बसला, उडाला.

"मी..." रंगरावचा आवाज उतरला. "मी शिपायांना बंदुका खाली घ्यायला लावल्या."

"कुणासमोर?"

"कोष्टी आळीतल्या लोकांसमोर. दरबारच्या तळ्याला तारेचं कुंपण घातलं होतं. इंग्रजांचे रेसिडेंटसाहेब शिकारीला येणार होते. पाण्यावर माणसं आली तर बदकं उडतील म्हणून. आळीतल्या विहिरी आटलेल्या. बायका घागरी घेऊन आल्या, पुरुष कुंपण उपटायला लागले. कर्नल माझ्या शेजारी घोड्यावर होता. म्हणाला, फायर."

"बदकांसाठी?"

"बदकांसाठी."

फादर उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पायरीशी रचलेल्या कौलांतलं एक त्यांनी उचललं, आणि शाळेतली सगळी वर्षं ज्याने आवाज चढवला नव्हता त्या माणसाने ते कौल अंगणात भिरकावून दिलं.

"बदकांसाठी!"

कौलाचे तुकडे उडाले. रंगराव दचकला. परेडच्या मैदानापासून गावापर्यंत त्याच्यासाठी असं कुणी चिडलं नव्हतं.

पण मग त्याला दिसलं, की फादर त्याच्यासाठी चिडले नव्हतेच.

ते पुन्हा खाली बसले.

"आता माझ्याकडे का आलास?"

रंगरावने कोटाच्या आतून एक टाइप केलेला कागद काढला.

"कर्नलने पाठवलाय. अधिकाऱ्याने हुकूम मोडला ही नोंद त्यांनाही नकोय. यावर सही केली तर शिक्षा रद्द होईल. राजीनामा दिला असं दाखवतील. तलवार नवी देतील. पेन्शनसुद्धा. फक्त एका प्रतिष्ठित माणसाची साक्ष हवी."

"वाच."

रंगरावने इंग्रजी वाचलं. मग न विचारताच मराठीत सांगितलं. "गोंगाटामुळे मी हुकूम ऐकला नाही."

"ऐकला नाहीस?"

"फादर, कर्नलचा घोडा माझ्या गुडघ्याला लागत होता."

"म्हणजे ऐकलास."

"स्पष्ट ऐकला! पण ते काय कबूल करायचंय? माझ्यावर अन्याय झालाय. मैदानात नागवं केल्यासारखं केलं मला. माझी अब्रू मला परत हवी. त्यांनी ती एका ओळीत नेली, मी ती एका ओळीत परत आणतो. काय चुकलं?"

फादरांनी कागद हातात घेतला. त्यांच्या बोटांची माती त्याला लागली.

"कर्नलने तुझ्यासाठी वाक्य चांगलं बनवलंय," ते म्हणाले. "यात कर्ता तू आहेस."

रंगरावची मान खाली गेली नाही. उलट ताठ झाली.

"तुम्हाला सोपं आहे, फादर. तुमच्या झग्याची बटणं कुणी कापलेली नाहीत."

"खरं आहे."

"मी सही केली नाही, तर आईला काय सांगू? तुझा मुलगा खजिन्यावर नाही, त्याला मोडून फेकून दिलंय, असं सांगू? वाटलेले पेढे परत मागू?"

"ते झालं तुझ्यावर काय गुदरलं त्याचं. तू काय केलंस ते सांगितलंस तिला?"

"...नाही."

"कुणाला सांगितलंस?"

रंगरावने आठवून पाहिलं. फौजेच्या कोर्टात वकिलाने त्याला बोलू दिलं नव्हतं. मोटारीत तो तोंड झाकून बसला होता. गावात ताशा वाजत होता.

"कुणालाच नाही," तो म्हणाला. "आत्ता तुम्हाला."

फादरांनी कागद त्याच्यापुढे धरला. खिशातलं शाईचं पेन काढलं, तेही पुढे केलं.

रंगरावने पेन घेतलं. कागद गुडघ्यावर ठेवला. ती ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत, शाळेत वाचायचा तशी. पेन ओळीखाली टेकलं. शाईचा ठिपका पडला आणि मोठा होत गेला.

त्याने पेन उचललं.

"हलकटपणा आहे हा," तो पुटपुटला. मग मोठ्याने, अंगण ऐकेल असं म्हणाला, "हलकटपणा आहे! ऐकला होता मी. शब्द न् शब्द ऐकला होता!"

त्याने कागद फाडला. तुकडे मुठीत धरून तो तसाच बसला. राग गेला नव्हता. पण आता तो रडत होता आणि ते लपवत नव्हता.

"उद्या आईला सांगतो," कोटाच्या बाहीने डोळे पुसून तो म्हणाला. "आधी तिला, मग पोस्टमास्तरांना. पण तलवार गेली, फादर. हुद्दा गेला. मोडलो तो मोडलोच ना मी..."

फादर शिडीकडे निघाले होते. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून ते थांबले.

"त्या बायकांनी घागरी भरल्या?"

"हो."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. शिपायांनीच डोक्यावर उचलून दिल्या."

फादर वर चढायला लागले.

"मग मोडलं कोण?"