कार्तिकातले हिम

पूर्वी हिमवंताच्या उतारावरील शिलावती नगरात अश्वकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका अमात्यकुळात जन्माला आला होता. त्या जन्मी त्याचे नाव विनयंधर. वडिलांच्या मागे अमात्यपद त्याच्याकडे आले, आणि राजाच्या घोड्यांसाठी राखलेले कुरणही त्याच्याच देखरेखीखाली आले. त्याच्या पत्नीचे नाव शाल्मली. त्यांना उत्पला नावाची एक लहान मुलगी होती. गारठा पडू लागला की तिची छाती भरून येई, म्हणून शरद ऋतू सरताच शाल्मली घरातली शेगडी विझू देत नसे.

त्या देशात हिम पौषात पडे. उन्हाळाभर वरच्या पठारांवर राहिलेले मेंढपाळ मार्गशीर्षात खाली येत आणि दरीतल्या वाटेने खालच्या उबदार तराईकडे निघून जात. त्या वर्षी मात्र कार्तिक सरण्याआधीच आभाळ राखेसारखे झाले, वारा उत्तरेकडून वाहू लागला आणि हिम भुरभुरले. फार नव्हे, चाळणीतून पीठ गळावे तेवढेच. नगरातल्या बायका अंगणात आल्या, तळहातांवर हिम झेलून हसल्या. शाल्मलीनेही उत्पलेला शालीत गुंडाळून दारापर्यंत आणले आणि तिच्या बोटावर एक कण ठेवला.

दुपारी ऊन पडून ते वितळले. संध्याकाळी तेच पाणी गवताच्या पात्यापात्यावर गोठले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले, तिसऱ्या दिवशीही. भुसभुशीत हिम मेंढ्या खुरांनी उकरतात आणि खालचे गवत खातात. या पातळ, कठीण थरापुढे त्यांचे काही चालेना. त्यांची तोंडे रक्ताळली. मेंढपाळ घाईने पठारांवरून उतरले, पण दरीतल्या वाटेवरही तोच थर चढला होता आणि पुढे गेलेली काही मेंढरे घसरून खोल पडली. मग सगळे कळप नगराबाहेर येऊन अडकून राहिले.

मेंढपाळांचा म्होरक्या लोमक अमात्याच्या दारी आला. आत येण्याचे धैर्य न झाल्याने तो उंबऱ्याबाहेरच बसला.

"मायबाप, कोकरं उभ्या उभ्या पडताहेत," तो म्हणाला. "मेंढ्यांचं दूध आटलं. पोरांना गरम पाणी पाजून निजवतोय. कड्याखालचं कुरण तेवढं मोकळं करा. वाट खुली झाली की आम्ही घटकाभरही थांबणार नाही."

राजाच्या घोड्यांचे ते कुरण दक्षिणेकडे तोंड करून होते. कड्याच्या आडोशामुळे तिथे वारा पोचत नसे, आणि कापलेल्या गवताच्या गंज्या तिथेच रचलेल्या होत्या.

शाल्मलीने नवऱ्याला आत बोलावले. "राजे शिकारीला दूरच्या रानात गेलेत. ते येईपर्यंत थांबा. यात तुमचं नाव नको."

"ते येईपर्यंत मेंढ्या थांबायच्या नाहीत," बोधिसत्त्व म्हणाला, आणि स्वतः जाऊन त्याने कुरणाचे फाटक उघडले.

कळप आत शिरले, तेव्हा लोमकाने शाल्मलीच्या पायांवर डोके ठेवले. "आई, आमचं पाल ते तुमचं घर. कधीही या."

राजा परतला तेव्हा गंज्या अर्ध्याहून खाली आल्या होत्या. त्याने दरबार भरवला. शाल्मली बायकांच्या सज्जात बसली होती. राजा रागावला असेल असे तिला वाटले होते, पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने कुरणात चरणारे ते मोठे कळप पाहिले होते.

"विनयंधरा," तो म्हणाला, "वाटसरू मेंढपाळाच्या जनावराला हात लावू नये असा आपल्या राज्याचा नियम आहे. त्याने चोरी केली असेल तर गोष्ट वेगळी. मेंढपाळांनी कुंपण मोडले, एवढे तू सभेपुढे सांग. म्होरक्याला फासावर चढवू, कळप आपले होतील, आणि त्यातला वाटा तुझ्या घरी येईल."

"महाराज, कुंपण त्यांनी मोडले नाही. फाटक मी उघडले."

"नीट आठव."

"नीट आठवते आहे, महाराज."

राजाने त्याचे पद काढून घेतले, घर काढून घेतले आणि अंगावरच्या वस्त्रांनिशी त्याला बायकोमुलीसह नगराबाहेर घालवले. दवंडी पिटली गेली, की जो यांना निवारा देईल त्याचा निवारा जाळला जाईल.

ते वेशीबाहेर पडले तेव्हा पुन्हा हिम भुरभुरत होते. उत्पला बापाच्या खांद्यावर होती आणि तिचा श्वास घरघरत होता. वेशीपर्यंतची ओळखीची दारे त्यांना येताना पाहून लागत गेली होती. शाल्मली म्हणाली, "लोमकाकडे जाऊ." तिच्या मनात शंकाही नव्हती.

पालांतून धूर निघत होता. भाजलेल्या सातूचा वास येत होता. लोमक बाहेर आला, पण त्याने मान वर केली नाही.

"मायबाप, पाल जाळतील," तो म्हणाला. "आत पोरं आहेत माझी."

"ही पण पोरच आहे, लोमका," शाल्मली म्हणाली. "मी बाहेर बसते. हे बाहेर बसतील. हिला तेवढी आत घे."

लोमकाच्या बायकोने बाहेर ठेवलेले निखाऱ्यांचे मडके उचलले, आत नेले आणि पालाचा पडदा सोडला.

पलीकडे मेंढरे कोंडायचा एक पडका दगडी वाडगा होता. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी आसरा घेतला. बोधिसत्त्वाने आपली शाल काढून मुलीभोवती गुंडाळली. ओली काटकी पेट घेईना.

सकाळी राजाचा एक स्वार आला. घोड्यावरूनच त्याने निरोप सांगितला. "अमात्य, महाराज विचारतात, आता तरी आठवलं का? एक वाक्य बोला. तुमच्या घरातली शेगडी पेटवून ठेवायला सांगितली आहे."

"मुलीला आणि तिच्या आईला घेऊन जा," बोधिसत्त्व म्हणाला. "त्यांचा काय अपराध? माझं काय करायचं ते करा."

"तशी आज्ञा नाही. आधी साक्ष."

शाल्मलीने नवऱ्याचा हात धरला. तिचे ओठ काळेनिळे पडले होते. "बोला," ती म्हणाली. "एक वाक्य तर बोलायचंय."

"त्या वाक्याने लोमक फासावर जाईल. मेंढ्या जातील. मग त्या पालांतली सगळी पोरं या थंडीत काय खातील?"

"मरू देत!" ती ओरडली. "काल त्याच्या बायकोने निखारेसुद्धा उचलून नेले. तुम्ही पाहिलंत ना? डोळ्यांदेखत नेले!"

"पाहिलं."

"तरीही?"

त्याने मुलीच्या कपाळावर हात ठेवला. तो रडत होता, हे स्वारानेही पाहिले. "शाल्मली, ते भ्याले. भ्यालेल्या माणसाच्या गळ्यात मला दोर घालता येत नाही."

"आणि हिच्या?" शाल्मलीने विचारले.

त्याने शाल मुलीभोवती आणखी घट्ट ओढली. स्वाराने लगाम वळवला.

दुपारी आभाळ फाकले. कड्यांवरून पाणी ठिबकू लागले, वाडग्याचे दगड उन्हाने ऊबदार झाले. त्या उन्हात, आईच्या मांडीवर, उत्पला गेली. शाल्मलीने बराच वेळ तिला खाली ठेवले नाही. जमीन अजून कडक होती. बोधिसत्त्वाने अणकुचीदार दगडाने ती उकरली, आणि त्याची बोटे फुटली तरी शाल्मली मदतीला उठली नाही.

त्यानंतर ऊन टिकले आणि दरीतली वाट खुली झाली. साक्षीवाचून राजाला कळपांना हात लावता आला नाही. एके सकाळी मेंढरांच्या घंटा वाजू लागल्या. सगळे कळप त्या वाडग्याजवळून उतरणीला लागले. लोमक मागे रेंगाळला. त्याने मातीचा तो लहानसा उंचवटा पाहिला आणि तो मटकन खाली बसला. मग त्याने आपली नवी घोंगडी सोडून शाल्मलीपुढे ठेवली.

"आता कोणासाठी?" ती म्हणाली.

लोमक तोंडात पदर कोंबलेल्या बाईसारखा आवाज न करता रडू लागला. बोधिसत्त्व उठून त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लोमका, वळणावरची वाट अजून ओली आहे. गाभण मेंढ्या सावकाश उतरव."

हे ऐकून शाल्मली उठली. घोंगडी तिथेच राहिली. ती खाली, आपल्या माहेरच्या वाटेने चालू लागली आणि तिने मागे वळून पाहिले नाही. बोधिसत्त्वाने तिला हाक मारली नाही. तो वरच्या अरण्यात जाऊन तपस्वी झाला. त्या दोघांची त्या जन्मी पुन्हा भेट झाली नाही.

ही कथा बुद्धपद पावलेल्या शास्त्यांनी एका हिवाळ्यात, विहारात जमलेल्या संघापुढे सांगितली. कुंडल नावाच्या भिक्षूने साथीच्या तापात एका गावाची शुश्रूषा केली होती. पुढे तो स्वतः आजारी पडून त्याच गावात गेला, तेव्हा तापाच्या भीतीने लोकांनी दारे लावून घेतली. तेव्हापासून तो येताजाता त्या गावाला शिव्याशाप देत असे. "असली कृतघ्न माणसे मी जन्मात पाहिली नाहीत," असे तो म्हणे.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा राजा अश्वकेतू आज एका दूरच्या नगरात घोड्यांच्या पागेत राबतो आहे. शाल्मली म्हणजे मागे बसलेली ही भिक्षुणी मालिनी. विनयंधर अमात्य मी होतो. आणि कुंडला, म्होरक्या लोमक तू होतास."

कुंडलाने मान खाली घातली.

मग मालिनीने हात जोडून विचारले, "भगवन्, आणि ती मुलगी?"

"ती अनेकदा जन्मली," शास्ते म्हणाले, "आणि पुष्कळ घरांत ऊब मिळून वाढली. पण त्या दुपारचे दुःख त्यामुळे कमी झाले, असे मी तुला सांगणार नाही. ते मलाही झाले होते. ते होत असताना, ज्यांनी पाठ फिरवली त्यांचे वाईट न चिंतणे, हीच क्षान्ती. त्या जन्मी मी क्षान्तिपारमिता, म्हणजे क्षान्तीची पूर्णता, आचरली, आणि तिची किंमत माझ्याबरोबर तूही भरलीस."